पाठकोरं बिल

सूताच्या जुन्या बिलाची पाठकोरी बाजू घेतली,
मधोमध रेघ ओढली.
डावीकडे घर, उजवीकडे जिम.
तेवीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात खातेवही लिहितोय,
पट्टी लागत नाही मला.

डंबेल्सची जोडी, दहा-दहा किलो : अठ्ठावीसशे.
बाक : साडेपाच हजार.
रॉड आणि चकत्या मिळून नऊ.
विजापूर वेशीत एकजण जुनं सामान विकतो,
म्हणाला, गंज असेल, पण वजनात खोट नाही.
रबरी चटई सतराशेची. ती हवीच,
नाहीतर खालच्या मजल्यावरचे गुंडेली
पहिल्याच सकाळी जिना चढून येतील.
बेरीज एकोणीस हजार.
पुढे कायमचं शून्य.

उजवीकडे
वर्षाचे बारा. बूट दोन.
साखर पेठेतून जाऊन-येऊन पेट्रोल,
महिना पाचशे धरलं.
वीस हजार.
पहिल्या वर्षी हजाराचाच फरक,
तिसऱ्या वर्षी मात्र सदतीस हजारांचा.
खाली दोन रेघा मारल्या,
कागद स्रवंतीपुढे सरकवला.

तिनं जेवता जेवता वाचला.
कडक भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत तसाच राहिला.
"रॉड सात फुटांचा असतो, नाना.
खोली नऊ फुटांची.
कपाट कुठे ठेवायचं?"
मी म्हणालो, आजोबांचा माग मावला होता की त्याच खोलीत.
"माग छातीवर पडत नाही," ती म्हणाली.
"शेवटचा डाव उचलताना हात थांबला
तर वरून रॉड धरायला माणूस लागतं.
घरी कोण धरणार?
तुम्ही?"

माझा उजवा खांदा चार वर्षं झाली
फळीवरचा डबा काढू देत नाही.
तिला माहीत आहे.

ती हात धुवून आली,
पेन्सिलीनं तळाशी एक ओळ लिहून गेली :
चौकातली माणसं बघतील, त्याचे किती?
डावीकडे धरलेत की उजवीकडे?

मालक एखादी नोंद गाळतो
तेव्हा मी कशावरून ओळखतो, सांगू?
पान जरा जास्तच सुबक दिसतं.
खाडाखोड नाही, पैसान् पैसा जुळलेला.
मी असं पान पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासतो.
त्या रात्री पंखा गरम हवा ढवळत होता
आणि मी माझंच पान हातात धरून बसलो होतो.
चटईचे सतराशेसुद्धा आठवणीनं लिहिले होते मी.
अशोक चौकातली चहाची टपरी,
तिथे बसणारा माझा चुलतभाऊ नरसय्या,
लग्नाचं बघायला येणारे उद्याचे कोणी,
यांतलं एक अक्षर कागदावर नव्हतं.
आणि सगळी बेरीज तर त्यांचीच होती.

सोमवारी पहाटे साडेपाचला गेलो.
टेबलावरच्या पोरानं विचारलं, "कुणासाठी, काका?"
पोट बघत होता माझं.
"मुलीसाठी."
"तीन महिन्यांचं घेतलं तर महाग पडतं बघा."
कळतं मला ते.
तीनच महिन्यांचे भरले, एवढंच धैर्य होतं खिशात.
पावतीवर नाव घातलं : स्रवंती अंबादास येमूल.
स्पेलिंग दोनदा चुकलं त्याचं.

बाहेर स्कूटीवर बसून राहिलो.
ऊन अजून भिंतीवरच होतं.
नरसय्या आलाच, हातात दुधाची पिशवी.
"काय बे, इथं कुठं?"
"पोरीला आणलंय. वजनं उचलते."
त्यानं पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
काही बोलला नाही.
संध्याकाळी बोलेल, टपरीवर. बोलू दे.

आत लोखंड आदळल्याचा आवाज झाला, मोठ्ठा.
सवयीनं मी जिन्याकडे बघितलं.
खालून कोणी वर आलं नाही.