डावा नकल

डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला ओल आहे,
डॉक्टर हेरवाडे म्हणाले, आणि बोट विजारीला पुसलं.
उद्यमनगरात अजून लेथ सुरू झाले नव्हते,
समोरच्या फौंड्रीची भट्टी तेवढी धुमसत होती.
जीप मी घोडीवर घेतली.

चौसष्ट सालची. हिच्यात बसून या माणसानं
राधानगरीपासून गगनबावड्यापर्यंत
अडलेल्या म्हशी सोडवल्या, रात्री-अपरात्री,
कोपरापर्यंत हात घालून.
आता मलाच विचारत होते, "लई जुनं दुखणं हाय काय रं?"

चाक काढलं. ड्रम काढला.
हबच्या नटांवर छिन्नीचे घाव,
कुणीतरी पाना शोधायचा कंटाळा केलेला.
मग तो गोळा उघडा पडला,
काळ्या तेलात बुडालेला, मुठीपेक्षा मोठा.

"खुबा," डॉक्टर म्हणाले,
आणि गुडघे कडाकडा वाजवत माझ्याशेजारी उकिडवे बसले.
"गाईचा असाच असतोय. वाटी, आत गोळा, मधी वंगण.
फक्त तिचं गळत न्हाई, सुकतंय."

रॉकेलनं पुसल्यावर दिसले खड्डे,
देवी येऊन गेलेल्या गालासारखे,
एका रेषेत, नेमके सील टेकतं तिथं.
गाडी किती वर्षं उभी होती, मी विचारलं.
अकरा.
चाकं सरळ ठेवून?
ते काही बोलले नाहीत. फडकं घेऊन
पुसलेलीच जागा परत पुसत बसले.

खड्ड्यांत लांबी भरली. रात्रभर वाळू दिली.
सकाळी पाण्याचा पेपर: आठशे, हजार,
शेवटी डोळे मिटून नुसतं नख.
नख अडलं की परत पेपर.
दुपारपर्यंत नख अडायचं थांबलं.

किंगपिनची वरची टोपी खोलली तर आत चार शिम.
तीन पितळेच्या, कंपनीच्या.
चौथी पत्र्याची, हातानं कातरलेली,
तिच्यावर निळ्या शाईत उरलेलं अर्धं अक्षर.
बोटावर घेतली आणि नाकाशी नेली.
वास कसला राहणार, चाळीस वर्षं तेलात.
पण ती डबी मला माहीत होती.
दस्तगीर उस्तादांची तपकीर संपली
की बिंदू चौकातनं आणायला मीच पळायचो.
म्हणजे हा नकल उघडला तेव्हा
बॅटरी धरून मीच उभा असणार.
काही आठवत नाही.
बॅटरी हलली म्हणून खाल्लेल्या शिव्या आठवतात,
गाडी नाही.

रद्दीवाल्याचा ताणकाटा मागून आणला,
आर्मच्या भोकात आकडा अडकवून ओढला.
अडीच किलोला नकल हलला पाहिजे.
पत्र्याच्या जागी पितळेची नवी शिम घातली: सव्वातीन.
दुसरी घातली: दोनला ढिला.
मग उस्तादांची परत घातली.
अडीच.
परत ओढून बघितलं. अडीच.
शेजारच्या पोराला ओढायला लावलं.
तो म्हणाला, "अडीचच हाय की, किती येळा बघताय?"

बाजारातलं फेल्ट दोन दिवसांत भुसा होतं,
म्हणून पट्टणकोडोलीच्या धनगराकडचं जेन आणलेलं.
अर्धी-अर्धी वर्तुळं कातरली, तेलात मुरवली.
लोकरीला मेंढीचा वास येत होता.
डॉक्टरांनी तुकडा हुंगला, म्हणाले,
"दख्खनी हाय. पावसाळ्यातली कातरण."
मी प्लेटचे बोल्ट आळीपाळीनं आवळले,
समोरासमोरचे, घाई न करता.

संध्याकाळी ते जीप घेऊन गेले.
वळणावर स्टीअरिंग एका हातानं फिरवलं,
मला दिसावं म्हणून.

पाचव्या दिवशी सकाळी, लेथ सुरू व्हायच्या आत,
काखेत पुठ्ठा मारून हजर.
रात्री गाडीखाली घातलेला. पुठ्ठ्यावर एक डाग,
रुपयाएवढा, गोल, ताजा.
माझ्या पोटात गोळा आला.
"तुझं न्हाई," ते म्हणाले, "तुझं कोरडं ठाक हाय.
ह्ये उजव्याचं."
आणि स्टूल ओढून बसले,
चहा सांगितला दोन.