टेकू

वैशाख सरत आला, परसातलं काम सरत नाही.
पहाटे साडेतीनला लाईट येते,
दोन तास, कधी दीडच.
तेवढ्यात लिंबाचं आळं भरायचं, वांग्यांना सरीतून सावकाश,
कढीपत्त्याला तांब्याभर,
आणि पाइप फुटलाय तिथं सायकलची ट्यूब गुंडाळून
वर अंगठा दाबून बसायचं.
सात वाजता अंगणाचा तवा होतो.

त्या तव्यावर मी बिबडे घालते.
चिमण्या हाकलायला केवळबाईची नात बसवलीय,
ती चिमण्यांपेक्षा जास्त खाते, ओलेच.

बियाणं झालं.
गिलक्याचं राखेत, भेंडीचं चिंधीत,
दुधी आढ्याला टांगलाय, हलवला की आतून वाजतो.
भरताच्या वांग्याचं बी मी कुणाला देत नाही.
मागितलं तर देते,
पण देत नसते, हे सांगून देते.

कारल्याचा एकच वेल तगलाय,
जुन्या लुगड्याच्या सावलीत.
त्याला आता टेकू हवा.
टेकूच म्हणते मी.
दुसरा शब्द आहे, चांगला आहे, सगळं बेटावद वापरतं,
पण आमच्या घरात तो शब्द
एकेचाळीस वर्षं माझ्या हातची भाकर खातोय.
उखाण्यात घेतला तेवढाच.
रेशनवाला पोरगा विचारतो, "कोणतं कार्ड आणलं, मावशी?"
मी म्हणते, "अंगठ्याचं."
रांग हसते. हसू दे.

काल ते शेवग्यावर चढले.
शेंगा संपल्या, फांद्या उतरवल्या की नवी फूट येते,
हे बरोबर.
पण शेवग्याचं लाकूड म्हणजे मुळ्याचा थोरला भाऊ.
म्हटलं, शिडी लावा.
"तू तुनं काम कर."
वय सदुसष्ट, कमरेला विळा, दातात काडी.
दोन फांद्या पडल्या.
तिसरी वाजली, वाळलेला बिबडा मोडावा तशी,
आणि माझ्या तोंडातून निघालं.
मोठ्यानं.
चिमण्या उडाल्या. नात खायची थांबली.

त्यांना वाटलं, मी सल्ला देते.
शेजारच्या कडुनिंबाची फांदी धरली,
जरा लोंबकळले,
एक चप्पल पडली, मग दुसरी,
मग ते.
पायांवर.
पँट झटकत म्हणाले,
"बरं जायं, तू सांगं."
"हो," म्हटलं, "कडुनिंबाचं सांगत होते."
केवळबाई भिंतीवरून बघत होती,
तोंडात पदर कोंबून.

संध्याकाळी कोवळा पाला निवडला, भाजीपुरता.
जून पाला शेळीनं मागितला.
एक सरळ फांदी कारल्याशेजारी रोवली,
सुतळीच्या दोन गाठी मारल्या.
शेवगाच तो,
ओल लागली की फुटेल,
वेलाला धरायला लावला आणि
स्वतःच झाड होऊन बसेल, मग जागा अडवेल,
मग मी रोज भांडेन त्याच्याशी.

रात्री अंधारात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, हळू.
ते घोरत होते.
कुठं काही मोडलं नाही.

वरच्या दोन छाटांना शेणमाती लावून झालीय.
तिसरा छाट वेडावाकडा सोललाय, तो उघडाच राहिलाय.
ते म्हणतात, सकाळी चढतो.
मी म्हणते, शिडी.