शेंगीची दहा मिनिटं

रात्री दोनला पत्र्याच्या दारावर
ठक ठक ठक ठक.
कोणी नाही. शेंगी आहे.
मागचा पाय कानामागं, अन् टाच दारावर.

भुईमुगाच्या टरफलाचा रंग, म्हणून शेंगी.
आता टरफलासारखीच सुटायलीय.
पाठीवर हात फिरवला की कोंडा,
शेपटीच्या मुळाशी केस नाहीत.

इस्माईल म्हणाला, गाडीचं जळकं ऑईल लाव,
मामाचा बैल त्यानंच बरा झाला.
डबा आणला. झाकण उघडलं.
तिनं वास घेतला, माझ्याकडं बघितलं.
झाकण लावलं.

मग रोज धुतली, कपड्याच्या साबणानं, बोअरच्या पाण्यानं.
त्याच पाण्यानं आमची बादली
आतून पांढरी झालीय, हे दिसत होतं रोज.
सुचलं नाही.

उदगीरच्या जनावरांच्या दवाखान्यात
मडिवाळ मॅडमनी पात्यानं हलकं खरवडलं,
काचेवर घेतलं, बराच वेळ डोळा लावला.
"किडा नाही. कातडी कोरडी पडलीय. किती वेळा धुता?"
रोज.
"रोज? उदगिरात?"
वगारू घेऊन आलेला म्हातारा खो खो हसला.
आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो.

आता नळ येईल त्या दिवशीच.
पाणी कोमट, मनगटावर थेंब टाकून बघायचं,
लेकराच्या दुधासारखं.
औषधाचा फेस अंगावर दहा मिनिटं. घड्याळ लावून.
दहा मिनिटं लई मोठी असतात.
मोरीत शेंगी उभी, फेसाचं स्वेटर घालून, थरथरत,
अन् मी सांगत राहतो
कुठल्या बंगल्यात कुठली फरशी बसवली,
कुणाकडं पैसे अडकलेत.
सातव्या मिनिटाला विषय संपतात.
मग दोघंही नळाकडं बघत बसतो.

बोटांच्या बेचकीत नीट पुसायचं.
भाकरीवर चमचाभर जवसाची पूड,
मीठ नाही, लसूण तर नाहीच.
महानंदा म्हणते, तिची निराळी, आपली निराळी.
खलबत्ता मात्र आधी तिच्यासाठी निघतो.

त्या दिवशी शेंगीला धरताना
मॅडमना माझे तळवे दिसले.
चोवीस वर्षांचं सिमेंट, भेगांत भरलेलं.
"अन् हे कोण बघतंय?"
म्हणालो, हे कामाचं आहे.
कामाचं असलं की जसं काही दुखतच नाही.

परवा ठक ठक सात वेळा. काल चार.
जागून मोजायलोय. काहून, ते विचारू नका.
पाचवी सुरू व्हायच्या आत उठतो,
तिच्याजवळ बसतो, कानामागं हात ठेवतो.
खाजवायचं नाही, सांगितलंय मॅडमनी.
मी खाजवत नाही.
नुसता ठेवतो.
हातच खरखरीत आहे, त्याला मी काय करू.