तीन वायपर

काच बसकी आणि रुंद,
भुवयांपर्यंत ओढलेल्या टोपीखालून बघावं तशी.
दोन वायपर पुरेनात, म्हणून तिला तिसरा.
फार्मिंग्टनला पाऊस बोटांवर मोजण्याइतका,
तरी तिघेही लाल धूळ ओढत राहतात,
एकच अंगण झाडणाऱ्या तीन जावा,
एकमेकींना न लागता.

डेल्मर एट्सिटी बॉनेट उघडून म्हणाला,
"हिचा बाप माझ्या बापाकडे होता."

त्या बापाला ना एसी, ना पॉवर स्टीअरिंग.
वळणावर खांदे भरून यायचे.
टप पांढरा, कारण उन्हात डोकी शिजत,
डोळे वाटोळे, कारण तेव्हा दिवे तसेच मिळत.
शौक म्हणून काहीच नव्हतं.
पाण्याची पिंपं, लोकरीची गाठोडी,
एकदा पुढच्या सीटवर बांधून आणलेला एडका,
शिपरॉकपर्यंत तो काचेतून बाहेर बघत होता म्हणे,
साहेबासारखा.
एकोणऐंशी साली विकली ती
दोन घोड्या आणि एका वेल्डिंग मशीनच्या बदल्यात.
"बाप रडला?" मी विचारलं.
"नाही. घोड्या चांगल्या होत्या."

मग वीसेक वर्षांनी
कॅलिफोर्नियात, समुद्राच्या बाजूला,
नखं स्वच्छ असलेल्या माणसांनी
जुन्या फोटोवरून मातीत एक चेहरा घडवला.
डोळे ठेवले. टप ठेवला.
खडखड वगळली, दारातून येणारा वारा वगळला,
एडक्याचा वास तर कुणी सुचवलाही नसेल.
डेट्रॉईटच्या प्रदर्शनात निळ्या रंगात तिला उभं केलं
आणि लोक थांबले,
लांबच्या लग्नात कुणाच्या तरी नाकावरून
गेलेला काका ओळखावा तसे.

मी घेतली दोन हजार सहाच्या नोव्हेंबरात.
नवरा म्हणाला, खेळणं आहे.
होतंच.
डॅशवर होकायंत्र, आणि गाडी किती कलली ते सांगणारा काटा.
हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये तो कधी हलला नाही.

मागची दारं उलटी.
पुढचं उघडल्याशिवाय मागचं उघडत नाही.
शाळेच्या फाटकाशी रोज तेच,
ऋजुता मागे दप्तर आवळून,
"आई, मला सोड ना",
आणि मी पुढे, सीटबेल्टशी झटत.
मागचे खांब इतके जाड
की तिकडून कोण येतंय, कोण चाललंय,
शेवटपर्यंत कळत नाही.
आता ती डुलुथला. फोनवर एवढंच सांगते,
गाडी विकू नकोस.

आठ वर्षांत कंपनीने तिला इथून आवरतं घेतलं.
गेल्या महिन्यात पेट्रोल पंपावर
विशीतला एक पोरगा तिच्याभोवती दोनदा फिरला.
मी शोरूमला मोजले होते त्याहून जास्त देत होता.
"अशा जुन्या गाड्या आता बनत नाहीत," म्हणाला,
अगदी मनापासून.
मी हसणार होते. मग मोजलं,
तो चालायला शिकत असेल तेव्हा.

डेल्मरला सांगितलं तर त्याने पाना खाली ठेवला.
"चल, दाखवतो."

डांबर संपलं, मग खडी संपली,
आणि डॅशवरचा काटा
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बारा अंशांवर गेला.
त्याच्या आईच्या घरामागे मेंढवाडा,
वाड्याच्या कोपऱ्यावर छप्पर म्हणून टाकलेला
एक पांढरा टप. कडेने गंजलेला, मधे अजून पांढरा.
घेणाऱ्याने बाकीची गाडी भंगारात घातली,
बाप जाऊन एवढंच घेऊन आला होता.
का, ते डेल्मरला ठाऊक नाही.

मी माझी शेजारी लावली. इंजिन बंद केलं.
दोघं बोलतील असं वाटलं होतं की काय, कोण जाणे.
एक शेळी आली, बॉनेटवर चढली,
काचेवरून खूर घसरला, मधला वायपर वाकवला,
आणि टपावर जाऊन उभी राहिली.

"उतरव तिला," मी म्हटलं.

डेल्मर म्हणाला, "तिला तो टप ओळखीचा आहे."