रुमालाखालचं

नाव दस्तगीर महात, वय एकसष्ट, राहणार पेठ वडगाव.
धंदा विचारला तर म्हणाले, "दलाली. म्हशींची."
राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या एसीत
वैरणीचा वास आला. बरं वाटलं.

ही नस मानेतून निघते, काखेतून उतरते,
दंडाच्या आतल्या अंगाने गुपचूप खाली येते.
कोपराशीच तिला आडोसा नाही.
हाडामागच्या खोबणीत, कातडीला लागून,
म्हणून तिथं आपटलं की करंगळीपर्यंत मुंग्या.
हे सांगितलं तर हसले,
"म्हंजे लोक गूळ लावत्यात, तितंच की."

मनगटाशी झटका दिला. करंगळी उडाली.
"बगा, हाय अजून जित्ती."
मनगट ते कोपर, सेकंदाला चौपन्न मीटर.
कोपर ओलांडताना एकतीस.
चांगली चालती म्हैस
ओढ्याशी येऊन पाय रोवते, तसं.

मग टाचणी.
करंगळी : नाही.
अनामिका, करंगळीकडून : नाही.
अनामिका, मधल्या बोटाकडून : "हां, टोचलं."
एकाच बोटाच्या मधोमध बांध.
चिमटीत कागद धरायला दिला नि ओढला;
अंगठा वाकला, कागद माझ्याकडे आला.
ते रिकाम्या चिमटीकडे बघत राहिले.

"रुमालाखाली हात असत्यात आमचं.
चार बोटं धरली की चार.
करंगळी दाबली की वर पाचशे.
मागल्या सोमवारी मालकानं दाबली म्हणं.
मला कळलंच न्हाई.
सौदा पक्का करून बसलो."
पाचशे कुणी भरले, हे मी विचारलं नाही.
त्यांनी खिशावर हात ठेवला, तेवढंच.

तेवढ्यात फोन वाजला.
त्याच हाताने कानाला लावला, कोपर पूर्ण मुडपून,
आणि अख्ख्या लॅबला भाव ऐकू गेला.
"आता समदा बाजार ह्यातच, बाई. सकाळधरनं."
मी त्या मुडपलेल्या कोपराकडे बघत होते.
खोबणीत ताणलेली ती.

जाताना खांद्यावरचा रुमाल काढला,
टेबलावर आमच्या दोघांच्या हातांवर पसरला.
"धरा."
मी धरलं. एकदा नीट, एकदा चोरून,
अनामिकेच्या बरोब्बर त्या बांधावर.
डोळे मिटून ते बराच वेळ गप्प.
मग कानाशी येऊन आकडा सांगितला.

रिपोर्टात मी लिहिलं, कोपराशी वहन मंद.
आकडा बरोबर होता का,
ते सांगायचं नसतं.