जिभेवरचं वजन

कुर्ल्याला, सीएसटी रोडवर, इख्लाकभाईच्या गाळ्यात
आमची इनोव्हा पाठमोरी उभी आहे,
बंपर काढलेला,
जशी कुणी कवळी काढून ग्लासात ठेवावी.
नऊ वर्षं हिनं शाळा केली, दवाखाना केला,
एकदाच महाबळेश्वर.
आता हिच्या पाठीला लोखंडी पट्टी येणार,
पट्टीला मान, मानेवर गोळा,
पेरूएवढा, ग्रीस फासलेला.

गोळ्यावर बसणार ट्रेलरचा दांडा.
त्या दांड्याला इख्लाकभाई जीभ म्हणतो.
"गाडी किती ओढते ते नंतर, भाभी.
आधी जिभेवर वजन किती ते बघायचं.
कमी पडलं तर मागचा डबा शेपटीसारखा हलतो,
जास्त झालं तर तुमचं तोंड आभाळाकडे."
एकूण वजनाचा दहावा हिस्सा, असा त्याचा हिशोब.
जिभेला हाड नसतं, असं ऐकत मोठी झाले मी.
ही तर नुसतं हाडच.

ट्रेलरचं खूळ श्रीरंगचं.
द्वारकाआत्याचे गुडघे गेले, हॉटेलांचे जिने नकोत,
कमोड आपला, उशी आपली,
म्हणून भिवंडीत बनवून घेतली ही चाकांवरची खोली,
साडेसातशे किलो, दोन खिडक्या.
टिळकनगरच्या आमच्या सोसायटीनं लगेच पत्र दिलं:
ही गाडी धरायची की खोली?
मेंटेनन्स कशाचा लावायचा?
उत्तर अजून दिलेलं नाही.

रद्दीवाल्याचा काटा रिक्षातून आणला,
जीभ त्यावर टेकवली.
एक्कावन्न.
हवे होते पंचाहत्तर.
सगळे काट्याकडे बघत राहिलो,
अंगी न लागणाऱ्या पोराकडे बघावं तसे.

तेव्हा गाळ्याच्या दारातून, प्लास्टिकच्या खुर्चीवरून
आत्या म्हणाली, "माझा पाटा."

तीन आठवडे त्या पाट्यावरून घरात धुसफूस.
मी म्हटलं होतं, मिक्सर आहे की.
मी म्हटलं होतं, दगड कोण सहलीला नेतं.
आणखीही एक म्हटलं होतं,
ते इथे लिहीत नाही.

पाटा आला. वरवंटा आला.
पुढच्या बाकाखाली, गोणपाटात गुंडाळून.
काटा हलला, थांबला. चौऱ्याहत्तर.
"बस," इख्लाकभाई म्हणाला, "एक किलो माफ."
आत्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

मग वायरिंग.
मी आत, पाय ब्रेकवर. श्रीरंग पार मागे.
"लागला!"
"सोड!"
"उजवा दे!"
उजवा दिला, ट्रेलरचा डावा लुकलुकला.
"आपल्याकडे असंच असतं," मी खिडकीतून ओरडले.
मागून हसणं आलं की खोकला, कळलं नाही.

शेवटी साखळ्या. जिभेखालून फुली घालून अडकवायच्या.
"फुली कशाला?" ऋतानं विचारलं.
उद्या गोळ्यावरून निसटलीच
तर जीभ रस्त्यावर आपटायला नको,
झोळीत पडावी.
हे मी त्याला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

रात्री अकरा. वडाळ्याचं ट्रक टर्मिनल.
गाडी मीच चालवते, श्रीरंगला मागे बघायची धास्ती.
मागे घेताना सगळं उलटं:
डबा डावीकडे हवा तर स्टिअरिंग उजवीकडे.
चारदा चुकले, डबा काटकोनात मुडपला.
टपावर बसून चहा पिणारा एक क्लीनर म्हणाला,
"थोडंच फिरवा, ताई. मग थांबा जरा."

थोडंच फिरवलं. थांबले.
खोली सरळ मागे सरकू लागली,
आणि आतून आवाज आला, दगडावर दगड,
गोणपाट सुटलं असणार,
कुणी रात्रीचं वाटण वाटायला घ्यावं तसा.

आत्या मागच्या सीटवर जागीच होती.
"बांधायला हवा होता," ती म्हणाली.
"बांधते," मी म्हणाले.