नव्वद शब्दांत परिचय

नगरभवनाच्या पुस्तिकेत प्रत्येकाला नव्वद शब्द.
जन्म, शिक्षण, व्यवसाय, समाजसेवा,
आणि फोटो, खांद्यापर्यंतचा.
चौथ्या वॉर्डाचा मजकूर सोमवारपासून
माझ्या टेबलावर पडून आहे.

वर्ना कोस्किनेन.
जन्म बंदरापलीकडच्या गल्लीत,
जिथं धक्क्यावर लोखंडाचं खनिज उतरायचं
आणि दोरीवरची पांढरी चादर
संध्याकाळपर्यंत विटकरी व्हायची.
आई ती पुन्हा धुवायची.
बाप पुन्हा धक्क्यावर जायचा.
(चादर ठेवली तर बाकीच्या आयुष्याला जागा कमी पडते.
खोडली. परत लिहिली.)

शिक्षण: बारावी. पुढची रेघ कोरी.
व्यवसाय: शाळेची बस, क्रमांक चौदा.

एरी सरोवर हिवाळ्यात रात्रभर बर्फ ओतत राहतं.
ती पहाटे पाचला, काळोखात,
इंजिनाशी बोलून त्याला उठवायची.
कुठल्या घराची वीज तोडलीय,
कुणाची आई रात्रपाळीहून अजून परतली नाही,
कुठलं पोर कालच्याच कपड्यांत झोपून उठलंय,
हे खानेसुमारीवाल्यांच्या कितीतरी आधी
तिला त्या थांब्यांवर कळायचं.
सीटखाली खोका: बिनजोडीचे हातमोजे.
उजवा निळा, डावा पिवळा.
"जोडी कशाला हवी? हात तर जोडीनं आहेत ना!"

पहिल्या निवडणुकीत अकरा मतांनी पडली.
"त्यातलं एक माझ्या भावाचं," ती सांगते,
"त्या दिवशी मासे धरायला गेला होता."
मासे रात्री तिनंच तळले.

निवडून आल्यावर पर्समध्ये दोन वस्तू:
लोहचुंबक आणि एक नाणं.
दार वाजवायचं, तळघरात उतरायचं,
नळ नाण्यानं खरवडायचा.
आत चांदीसारखं चकाकलं, चुंबक चिकटलं नाही,
म्हणजे शिसं. वहीत घराचा नंबर.
अभियंता म्हणाला, आमच्या नकाशात असं काही नाही.
ती म्हणाली, मग नकाशालाच पाजा ते पाणी.
दोन हिवाळे. तीनशे चौदा तळघरं.
गुडघा तेव्हापासून कुरकुरतो.

मार्चच्या सभेत एक गृहस्थ माईकवर ओरडत होता.
बर्फ उचलायची गाडी, खड्डे, कर, तुम्ही सगळे चोर.
तिनं चष्मा वर केला.
"टेरेन्स? मागच्या चाकावरची सीट?
वळणावर तुला मळमळायचं.
आई कशी आहे आता?"
तीन मिनिटांतली दीड मिनिटं उरली होती.
तो बोललाच नाही.
सभागृहात फक्त हीटरची खडखड.
मग हळूच म्हणाला, ती गेली, नाताळच्या आधी.
आणि त्याच्या गल्लीतला बर्फ
दुसऱ्या दिवशीही तसाच होता.
गाडी नादुरुस्त होती. हेही इतिवृत्तात आहे.

मजकूर तिच्याकडे तपासायला पाठवला.
एकच दुरुस्ती करून परत आला:
बस पंचवीस वर्षं नव्हे, सव्वीस.

मी फोन केला. जादाचं वर्ष कुठलं?
"संपाचं," ती म्हणाली. "बस बंद होती.
मी आमच्याच लोकांबरोबर फाटकावर उभी होते.
पण तीन पोरं अशी होती, ज्यांना दुपारचं जेवण
शाळेतच मिळायचं.
पहाटे माझ्या गाडीतून सोडायचे त्यांना,
आणि सातला येऊन फलक धरायचे.
युनियननं सहा महिने माझ्याशी बोलणं टाकलं.
त्यांचंही चुकलं नव्हतं."
थोडा वेळ तारेवर दोघींचा श्वास.
"हे छापू नकोस. आकडा तेवढा बरोबर कर."

आकडा बरोबर केला.
समाजसेवेच्या रकान्यात तीन संस्थांची नावं बसली,
चादरीला जागा उरली नाही.
छपाई शुक्रवारी.

माझ्या खणात मात्र
तिनं गेल्या डिसेंबरात दिलेला एक मोजा आहे,
डाव्या हाताचा, पिवळा.
उजवा मी अजून शोधलेला नाही.